तासात थांबेल ती जोडी

पाच जोड्या होत्या, म्हणजे दहा बैल. त्यांतले सात डांगी, तीन गावठी. नांगर पाच, चार लोखंडी आणि एक लाकडी. भात कापून झालेल्या शेतात चुन्याने आखलेल्या पाच पट्ट्या, प्रत्येक साठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. दहा खुंट्या, सुतळीची दोन रिळं, एक टेबल, दोन भोंगे, त्यांतला एक चालू. डहाणू आणि तलासरीच्या सात दुकानांची नावं असलेला एक बॅनर. माणसं मी एकशे ऐंशीपर्यंत मोजली आणि सोडून दिली, कारण पोरं सारखी जागा बदलत होती. शिवाय टेबलाला टेकवून ठेवलेली, स्पर्धेचे जुने नियम ओतलेली एक बिडाची पाटी.

खुंटपाडा हा तलासरीकडचा वारल्यांचा पाडा. इथली नांगरणीची स्पर्धा इंग्रजांच्या काळातली. त्या वेळी डहाणूत रेल्वेच्या बाजूला एक दुकान होतं. दुकानदार इथलं गवत गठ्ठे बांधून मुंबईच्या घोड्यांसाठी पाठवायचा आणि परत येणाऱ्या वॅगनीतून लोखंडी नांगर आणायचा. नांगर खपावेत म्हणून त्याने ही स्पर्धा काढली असं आमच्या घरात सांगतात. आमच्या घरात, कारण तो माझ्या आईचा पणजोबा. दुकान आता जतीनमामा चालवतो आणि त्यात पंप आणि पॉवर टिलर मिळतात. मधली पुष्कळ वर्षं स्पर्धा बंद होती. दोन वर्षांपूर्वी पाड्याने ती पुन्हा सुरू केली, तेव्हा मामाने बॅनरचा खर्च उचलला आणि पंचांत एक खुर्ची मिळवली. मी डहाणूजवळच्या चिखल्याची. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि सध्या घरी आहे, एवढ्या पात्रतेवर मला मोजायला आणलं होतं.

मोजायचं काय ते सोपं होतं. पाचही जोड्या एकदमच सुटतात आणि आपापली पट्टी नांगरतात. नांगराने पाडलेल्या एका सरीला इथे तास म्हणतात. एका तासाची माती शेजारच्या तासावर पडते आणि तो बुजतो. शेवटच्या तासावर मात्र काही पडत नाही, तो उघडाच राहतो. म्हणून तोच मोजायचा. दोन टोकांच्या खुंट्यांना सुतळी ताणायची, दर दोन मीटरवर सुतळीवरून गवंड्याचा ओळंबा सोडायचा आणि तासाची मधली रेघ ओळंब्यापासून किती सरकली ते बघायचं. जिथे सर्वांत जास्त सरकली असेल तो आकडा त्या जोडीचा. ज्याचा आकडा लहान तो जिंकला. ओल्या मातीत ती मधली रेघ अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा बारीक सांगता येत नाही, त्यामुळे मी अर्ध्या सेंटिमीटरच्या खाली जात नव्हते.

जिंकणाऱ्याला तळ्याखालचा जमिनीचा तुकडा मिळतो. कायमचा नाही, त्या हिवाळ्यापुरता. तळं झिरपत असतं म्हणून तिथे होळीपर्यंत ओल राहते. पाड्यात बाकी कुणाच्या शेतात पौषानंतर हिरवं काही दिसत नाही.

खुंटपाड्याच्या चैत्याला तो तुकडा हवा होता. त्याची बायको रूपी मला हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळी झाली. मी खुंट्या ठोकत होते आणि ती बांधावर बसून बैलांसाठी पेंढा सोडत होती.

"ताई, सोमवारी भट्टीचा ट्रक येतोय," ती म्हणाली. "वीटभट्टीला गेलो तर होळीलाच परत. बैल कोण बघंल? म्हणून विकायचे. पुढच्या पावसात मंग नांगर काय मी ओढू?"

"आणि तुकडा मिळाला तर?"

"तर वाल लावीन, वांगी लावीन, तलासरीच्या बाजारात बसंन. ट्रक जाऊ दे गेला तर." तिने जवळच्या बैलाच्या कपाळावर थाप मारली. "हा काबऱ्या. म्हातारा हाय, पण सरळ चालतो. तो लाल्या जवान हाय, पण त्याला अक्कल नाय. आमच्या घरातपण असंच हाय."

चैत्या जू बांधत होता. त्याने वर न बघता विचारलं, "त्यातला काबऱ्या कोण, मी?"

"तू लाल्या," रूपी म्हणाली.

लाकडी नांगर चैत्याचाच होता.

मामाने मोबाइलवर एका तासाची वेळ लावली आणि भोंग्यात तोंड घालून "चला!" म्हटलं. पाचही जोड्या सुटल्या. माती चांगली होती, वरून सुकलेली आणि आत ओली, त्यामुळे फाळ खाली गेला की काळपट रेघ उमटत जायची. माणसं पट्ट्यांच्या टोकांशी जमली. बैल वळले की आरडाओरडा, वळून लांब गेले की शांतता. शेजारच्या पाटीलपाड्याचा नितीन पहिल्यापासून पुढे होता. पोरगा विशीतला, त्याची जोडी ताजी आणि नांगर नवा. त्याचा काका बारक्या पट्टीच्या बाजूने त्याच्याबरोबर चालत होता आणि दर वळणावर म्हणत होता, "आस्सा! आस्सा!"

नितीनने पट्टी सर्वांच्या आधी संपवली. मी सुतळी ताणली. दुसऱ्या टोकाला सदूबाबा होते. ते पाड्यातले सर्वांत वयस्कर आणि दुसरे पंच. नितीनचा आकडा आला अकरा सेंटिमीटर. मामाने भोंग्यावरून सांगितला आणि पाटीलपाड्याच्या लोकांनी ढोल वाजवला. मग तिघांनी एकापाठोपाठ पट्ट्या संपवल्या. चौदा, सतरा, तेवीस. तेवीसवाल्याला त्याच्याच मेव्हण्याने विचारलं, "नांगरत होतास का साप काढत होतास रं?"

राहिला चैत्या. त्याचा एकच तास शिल्लक होता, शेवटचा, मोजायचा. आधीच्या तासावर मी नुसत्या नजरेने अंदाज घेतला होता. सात-आठपेक्षा जास्त वाटत नव्हता. रूपीने अंदाज विचारला नाही. तिने तो माझ्या तोंडावरून घेतला असावा, कारण ती उभी राहिली.

चैत्याने बैल वळवले, नांगर शेवटच्या रेघेच्या तोंडाशी आणला आणि तिथे जोडी उभी केली. मग तो काबऱ्याच्या बाजूला गेला आणि खालच्या आवाजात लांब शीळ घालू लागला. दोन-तीन शिळांनंतर काबऱ्या मुतला. बैलाला नांगरताना लघवी लागली की तो मध्येच थांबतो, म्हणून जाणता माणूस बांधाशीच त्याला मोकळं करतो. लोक हसले. चैत्याही हसला आणि रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, धरायला मागे आला.

"थांबला!" बारक्या ओरडला. "जतीनशेठ, बैल थांबला! पाटी वाचा!"

पाटीवर तीन ओळी होत्या. दुकानाचं नाव झिजून गेलं होतं, पण ओळी शाबूत होत्या. पहिली ओळ, नांगर याच दुकानचा असावा. दुसरी, एका तासात बैल थांबेल ती जोडी बाद. तिसरी, निकाल शेठ सांगतील तो. पहिली आणि तिसरी आता कुणी पाळत नव्हतं.

मामाने दुसरी ओळ मोठ्याने वाचली आणि मोबाइल वर धरला. "तास अजून संपलेला नाही," तो म्हणाला. "बैल थांबला हे सगळ्यांनी पाहिलं. नियम आहे तो आहे."

"तासात कुठं थांबला?" चैत्या म्हणाला. "बांधाशी थांबला."

"तासात म्हणजे तासात रे. एका तासात."

"तेच सांगतोय ना शेठ! तासात नाय थांबला. फाळ मातीत गेलाच नाय अजून."

"अरे तास म्हणजे तास!" बारक्या म्हणाला.

"मंग? तास म्हंजे तासच!" रूपी बांधावरून ओरडली.

काही वेळ दोन्ही बाजू हेच वाक्य एकमेकांच्या अंगावर फेकत राहिल्या. एका बाजूची माणसं मामाच्या मोबाइलकडे बोट दाखवत होती, दुसऱ्या बाजूची जमिनीकडे. पाटीलपाड्याचा ढोलवाला मध्ये शिरला, खुंटपाड्याच्या दोघांनी त्याला ढोलासकट मागे ढकललं. मामाने वेळ थांबवली. मला कुणीतरी मागून म्हणालं, "ताई, सुतळी मामाकडं नको ताणू हां." मी वळून बघितलं, पण कोण बोललं ते कळलं नाही.

चैत्या जोडीजवळून हलला नव्हता. काबऱ्याच्या अंगावरचा घाम वाळत चालला होता आणि त्याच्या मागच्या पायाची कातडी थरथरत होती. नांगराला जुंपलेला बैल उभा ठेवला की आखडतो. चैत्या त्याची मांडी चोळत होता आणि भांडणाकडे बघत होता.

शेवटी मामा म्हणाला, "सदूबाबा, तुम्ही सांगा. जुनी माणसं काय करायची? पाटीवरचा तास कुठला?"

खुंटपाड्याची माणसं लगेच मागे सरली. बाबा त्यांचे होते. ते काय सांगणार हे ठरल्यासारखंच होतं.

बाबा पाटीजवळ गेले आणि खाली बसले. "माझा आजा नांगरत होता याच्यात," ते म्हणाले. "शेठ छत्री लावून बसायचा. हातात घड्याळ, साखळीचं. वीस-वीस जोड्या एका सकाळी बोलवायचा. कुणी नाय बोलला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात शेठचा माणूस. बैल उभा नाय करायचा. एका सकाळीत शेठची सारी जमीन नांगरून तयार. बक्षीस काय, तर एक पागोटं. एकाला." त्यांनी दुसऱ्या ओळीवरून बोट फिरवलं. "हा घड्याळाचाच तास हाय."

"बाबा!" रूपी म्हणाली.

"हाय तो हाय, पोरी. माझ्या आज्याचा बैल त्या तासात पडला. उठला नाय."

बारक्याने टाळी वाजवली. "ऐकलं? बाबा स्वतः बोलला! बाद!"

मामा पाटीकडे बघत होता. हे त्याच्या घरात कुणी सांगितलेलं नसावं, मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. घरच्या गोष्टीत छत्री होती आणि पागोटं होतं. आणि सगळे आनंदाने नांगरत होते.

"माझं संपलं नाय," सदूबाबा बारक्याला म्हणाले. "मंग वेठ उठली. शेठ गेला. जमीन नांगरणाऱ्याकडं आली. तवा माझा बाप आणि चार जण बसले का स्पर्धा ठेवायची का बंद करायची. ठेवू बोलले, मजा येते. पाटी फेकायची का? बिडाची हाय, राहू दे बोलले. पाटी शेठची, पण वाचायची आपण. तवापासून हा तास जमिनीतला. बैल तासात थांबला तर बाद, बांधाशी कितीपण श्वास घेऊ दे."

"पण ते कुठे लिहिलंय?" मामाने विचारलं. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, तो खरंच विचारत होता.

"लिवलंय ना. तेच अक्षर."

"असं कसं चालंल?" बारक्या म्हणाला. "शेठ बाद, घड्याळ बाद, आणि अक्षर तेवढं तुमच्या सोयीचं? गेल्या दोन साली कुणी बोललं का? जतीनशेठ मोबाइल लावून बसतात ते काय फोटो काढायला?"

वेळ मोबाइलवर लावली होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं आणि तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती. मामाने माझ्याकडे बघितलं. मोजणारी म्हणून तिसरी पंच मीच होते. मला काय वाटत होतं ते असं होतं, की शब्दाचा पहिला अर्थ बाबांनी सांगितला तो आणि चालत आलेला अर्थही बाबांनी सांगितला तो, आणि यांतला कुठला मोठा हे मोजायची पट्टी माझ्याजवळ नव्हती. मी तसं म्हणायला तोंड उघडलं.

"काका, माझापण थांबला होता," नितीन म्हणाला.

तो आपल्या बैलांपाशी उकिडवा बसला होता. सगळ्यांनी वळून बघितलं.

"तू गप," बारक्या म्हणाला.

"वळताना जुवाची शिवळ-खुंटी निसटली. जू खाली आलं. मी बैल उभे केले, शिवळ बसवली, मंग परत सुटलो. त्या टोकाला. तू तवा पाणी प्यायला गेलेला." नितीनने मान खाली घातली आणि हातातल्या काडीने मातीत रेघोट्या मारल्या. "घड्याळानं बघाल तर मी बाद. तो पण बाद. आणि त्या तिघांनी वळताना कितीदा उभे केले ते त्यांनाच विचारा."

तिघांतल्या दोघांनी कबुलीच्या माना हलवल्या. तेवीसवाला म्हणाला, "मी तर बांधाशी बिडी पण ओढली."

हशा झाला, पण लगेच विरला, कारण हिशेब सगळ्यांच्या लक्षात आला. घड्याळाचा तास धरला तर पाचही जोड्या बाद आणि तुकडा पडीक. जमिनीतला तास धरला तर पाचही राहतात आणि चैत्याचा शेवटचा तास बाकी.

बारक्या पुतण्याजवळ गेला. "अकरा आलेत तुझे," तो हळू आवाजात म्हणाला, पण मी जवळ होते म्हणून ऐकू आलं. "गप बसला असतास तर तुकडा घरात होता. तुझ्या आईला काय सांगशील?"

"सांगीन अकरा आले," नितीन म्हणाला. "अकरा वाईट हायेत का? त्याचा बैल बघ, आखडलाय. येऊ दे त्याला."

मामाने मोबाइल बंद करून खिशात टाकला. "जमिनीतला तास," तो भोंग्यात म्हणाला. "चैत्या, नांगर घाल. बैल तासात थांबला तर बाद. तीन पंच बरोबर चालतील. बारक्यादादा, तुम्हीही चला."

चैत्याने काबऱ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं आणि रुमण्यावर भार टाकला. फाळ आत गेला. आम्ही चौघं पट्टीच्या बाजूने निघालो, सदूबाबा सर्वांत पुढे, कमरेत वाकून, डोळे बैलांच्या खुरांवर. ढोल थांबला होता. भोंगासुद्धा बंद होता. माती उलटताना होणारा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आला, ओलं कापड फाडल्यासारखा.

सुरुवातीचा भाग सरळ गेला. लाल्या ओढत होता आणि काबऱ्या त्याला आवरत होता. मध्याच्या जरा पुढे काबऱ्याचा मागचा उजवा पाय लंगडू लागला. प्रत्येक पावलाला तो पाय उशिरा उचलत होता. चैत्याने आसूड आणलाच नव्हता. "चल बाबा," तो म्हणत होता. "चल माझ्या राजा. एवढाच. चल."

काबऱ्याने मान खाली घातली. मागचा पाय वर उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

"थांबला!" बारक्या म्हणाला.

"पुढचा पाय बघ," सदूबाबा म्हणाले. "पुढचा सरकतोय."

पुढचा पाय खरोखर सरकत होता, पण इतका हळू की मला खात्री करायला खुरासमोरच्या एका धसकटावर नजर लावावी लागली. खूर धसकटाकडे जात होतं. चैत्याने या वेळी रुमणं दाबलं नाही आणि ओरडला नाही. त्याने मूठ सैल सोडली. काबऱ्या दुखरा पाय वाचवायला लाल्याच्या बाजूला झुकला, नांगर त्याच्याबरोबर झुकला आणि रेघ डावीकडे वाकली. खूर धसकटावर पडलं. मागचा पाय टेकला. मग पुढचं पाऊल पडलं.

"चालतोय," मामा म्हणाला.

"चालतोय," सदूबाबा म्हणाले.

मीही तेच म्हटलं. बारक्याने थांबला असं पुन्हा म्हटलं नाही. तो मागे वळून त्या वाकलेल्या जागेकडे बघत होता.

चैत्याने रुमणं परत ओढून नांगर रेघेवर आणला. टोकाच्या बांधाला बैल पोचले तेव्हा त्याने फाळ उपसला, जू सोडलं आणि काबऱ्याला मोकळं केलं. बैल तिथेच खाली बसला. रूपी त्याच्याकडे गेली नाही. ती माझ्या मागोमाग आली.

मी सुतळी ताणली. एका टोकाला सदूबाबा, दुसऱ्या टोकाला बारक्या. त्यानेच टोक मागून घेतलं आणि मी दिलं. मी पहिल्या खुंटीपासून ओळंबा सोडत निघाले. तीन. अडीच. चार. साडेतीन. चैत्या समोरच्या बाजूने माझ्याबरोबर चालत होता, मातीकडे न बघता माझ्या हाताकडे बघत. सहा. पाच. लोक पट्टीच्या कडेला आले होते आणि मामा त्यांना हात पसरून मागे सारत होता, तासावर कुणाचा पाय पडू नये म्हणून.

वाकलेली जागा आली. नुसत्या डोळ्यांनी ती इतर सगळ्या रेघेपेक्षा उठून दिसत होती. बारक्या सुतळीचं टोक खुंटीला अडकवून धावत आला आणि गुडघ्यावर बसला. "बारा हायेत," तो म्हणाला. "डोळ्यांनी दिसतात."

"मोजू दे तिला," नितीन म्हणाला. तोही आला होता.

ओळंबा हलत होता. मी तो स्थिर होईपर्यंत थांबले. रूपीने पदर तोंडात धरला होता. मी मोजपट्टी लावली आणि आकडा पाहिला. सुतळी पुन्हा ताणायला सांगितली. बारक्या आपल्या टोकाला गेला आणि त्याने ती ओढून धरली. मी दुसऱ्यांदा ओळंबा सोडला आणि दुसऱ्यांदा मोजलं. मग मामाला मोजायला लावलं. मग पट्टी बारक्याच्या हातात दिली. त्याने डोळा बारीक करून बराच वेळ बघितलं आणि पट्टी मला परत दिली. पुढच्या सगळ्या जागा मी मोजत टोकापर्यंत गेले. त्यांत सातच्या वर काही नव्हतं.

मामाने भोंगा चालू केला आणि माझ्यासमोर धरला.

"नितीन, अकरा सेंटिमीटर," मी म्हटलं. "चैत्या, साडेदहा."